गव्हांकुराचा रस प्यावा, जखमेवर लावू नये

जखमेवर गव्हांकुराचा रस लावला तर ती लवकर भरते का, असं मला वाचक नेहमी विचारतात. विचारणारे बहुतेक जण घरातल्या कुणाची तरी शुश्रूषा करत असतात. वडिलांच्या पायाला झालेली आणि काही केल्या न भरणारी जखम, अंथरुणाला खिळलेल्या आईच्या पाठीवरचे व्रण, सायकलवरून पडलेल्या मुलाचा सोललेला गुडघा. त्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून उत्तर आधीच देते. उघड्या जखमेवर घरी काढलेला गव्हांकुराचा रस लावू नका आणि त्याचा चोथाही बांधू नका. प्यायचा असेल तर धडधाकट माणसानं थोड्या प्रमाणात जरूर प्यावा. पण तो आहाराचा भाग म्हणून घ्यावा, औषध बंद करून त्याच्या जागी नाही.

रस जखमेवर लावण्याची कल्पना आली कुठून, हे आधी पाहू. गव्हाच्या कोवळ्या पात्यांना उपचार म्हणून जगभर प्रसिद्धी दिली ती अॅन विग्मोर यांनी. त्या जन्मानं लिथुआनियाच्या, पुढे अमेरिकेत बॉस्टनला स्थायिक झाल्या. पहिल्या महायुद्धात आपली आजी जखमी सैनिकांवर रानातल्या पाल्यानं उपचार करायची, असं त्या सांगत. गव्हांकुराच्या रसावर त्यांनी पुस्तकं लिहिली, संस्था उभी केली. आपल्याकडे निसर्गोपचाराची ओढ जुनी आहे. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार केंद्र सुरू केलं, तेव्हापासून मराठी घरांना मातीपट्टी, कटिस्नान आणि रसाहार परके राहिले नाहीत. त्यामुळे गव्हांकुराचा रसही आपल्याकडे सहज रुळला. मात्र विग्मोरबाईंच्या कहाणीची दुसरी बाजूही वाचकांना ठाऊक असायला हवी. आपल्या उपचारक्रमानं मधुमेहींची इन्शुलिनची गरज कमी होते किंवा संपते, असा त्यांचा दावा होता. त्यावरून १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अॅटर्नी जनरलनं त्यांच्यावर खटला भरला आणि त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला.

दुसरा धागा हरितद्रव्याचा आहे. १९४०च्या दशकात अमेरिकेत चिघळलेल्या, घाण वास येणाऱ्या जखमांवर हरितद्रव्यापासून केलेली मलमं वापरली गेली आणि त्यांनी वास कमी होतो असं आढळलं. मात्र त्या मलमांत होतं ते क्लोरोफिलिन. ते हरितद्रव्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून, पाण्यात विरघळेल असं करून, ठरावीक प्रमाणात मलमात घातलेलं रसायन. स्वयंपाकघरातल्या मिक्सरमधून निघालेल्या रसाशी त्याचा संबंध रंगापुरताच. खुद्द गव्हांकुराचं मलम नीट पारखलं गेलं ते टाचदुखीवर. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ८० रुग्ण होते. काहींना गव्हांकुराचं मलम दिलं, काहींना दिसायला तसंच पण साधं. दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं. म्हणजे आराम पडला तो गव्हांकुरानं, असं म्हणायला आधार राहिला नाही.

चरकसंहितेचा दाखलाही पुष्कळ जण देतात. गहू संधान करणारा, म्हणजे सांधणारा, असं तिथे म्हटलं आहे हे खरं. पण ते वर्णन आहे आहारातल्या गव्हाचं, धान्याचं. पात्यांचा रस काढून व्रणावर ओतण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जखम झाली तर काय करावं

रस जखमेवर नको म्हणण्यामागचं सगळ्यात मोठं कारण मातीत आहे. गव्हांकुर आपण मातीत लावतो, त्या मातीत शेणखत किंवा गांडूळखत मिसळतो. धनुर्वाताचे जंतू नेमके माती आणि शेणातच असतात. त्यांचे बीजाणू कोरड्या मातीतही वर्षानुवर्षं तग धरतात. कुंडीत वाढलेलं पातं बुंध्याशी कापायचं, पाटावरवंट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटायचं आणि तो कच्चा रस थेट उघड्या मांसावर लावायचा, म्हणजे जंतूंना आपणच वाट करून द्यायची. रस पोटात गेला तर जठरातलं आम्ल थोडीफार राखण करतं, जखमेला ती राखण नाही. शिवाय हिरव्या रसानं जखम रंगून जाते. कडा लाल होताहेत का, पू पिवळा आहे की हिरवा, कातडी काळी पडते आहे का, हे पुढे नीट दिसतच नाही आणि डॉक्टरांनाही आधी ती धुऊन काढावी लागते.

हळद, चुना, चहापूड, टूथपेस्ट, रॉकेल यांनाही हेच लागू आहे. गावाकडे बोट कापलं की दगडीपाला चुरगाळून लावतात. शेताच्या बांधावर, दवाखान्यापासून दूर असताना माणूस हाताला येईल ते करतो, त्याला मी दोष देत नाही. पण घरात नळ आहे, साबण आहे, तर ते आधी.

साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धरावी. माती, खडे निघून जाईपर्यंत धुवावी, भोवतालची कातडी साबणानं स्वच्छ करावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं सलग दाबून ठेवावं. थांबलं का ते पाहायला सारखं कापड उचललं तर धरू पाहणारी गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. मग जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून पट्टी बांधावी आणि ती भिजली किंवा मळली की बदलावी. धनुर्वाताची इंजेक्शनं लहानपणी पूर्ण झालेली असतील तर छोट्या स्वच्छ जखमेसाठी शेवटचा डोस दहा वर्षांच्या आतला चालतो. माती, शेण, गंजलेला खिळा असा मामला असेल तर तो पाच वर्षांच्या आतला हवा. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन घ्यावं.

भाजलं असेल तर नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावं. बर्फ लावू नये, फोड फोडू नयेत. कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळे कुत्रा चावलेल्या जागी मिरचीपूड, चुना किंवा कुठलाही पाला लावून एक दिवससुद्धा दवडणं परवडणारं नाही.

मला खरी काळजी वाटते ती मधुमेह्यांच्या पायाची. अनेक वर्षं साखर वाढलेली राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा शिरतो, दिवसभर टोचत राहतो आणि माणसाला कळत नाही. संध्याकाळी मोज्याला डाग दिसतो तेव्हा लक्षात येतं. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. घरात कुणीतरी गव्हांकुराचा चोथा बांधायला सांगतं, तो गार लागतो, बरं वाटतं. पट्टीखाली मात्र जखम आत आत शिरत जाते. आठवडा-दोन आठवड्यांनी वास येऊ लागतो आणि तोवर जंतू हाडापर्यंत पोचलेले असू शकतात. बोट किंवा पाऊल कापावं लागण्याची पाळी अशा गमावलेल्या दिवसांमुळे येते. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला शेंगदाण्याएवढी जखम झाली तरी ती डॉक्टरांना दाखवावी, दुखत नसेल तर अधिकच तातडीनं. रोज रात्री झोपण्यापूर्वी तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या भेगा बघाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून बघाव्यात किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावं. घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. देवळात जाताना मोजे घालावेत. उन्हाळ्यात फरशी तापलेली असते आणि बधिर पायाला चटका कळत नाही.

अंथरुणावरच्या व्रणांनाही रसाचा उपयोग नाही. तिथे कामाला येतं ते दर दोन तासांनी कूस बदलणं, चादर कोरडी आणि सुरकुतीविना ठेवणं, आणि पुरेशी प्रथिनं. डाळ, दूध, अंडं, पनीर, चालत असेल तर मासे. नवं मांस भरून येण्यासाठी शरीराला प्रथिनं लागतात आणि गव्हांकुराच्या पेलाभर रसात ती नावापुरतीच असतात.

आजारात रसाचा उपयोग किती

रसाचा एकही उपयोग नाही, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी त्याचा अभ्यास झाला आहे आणि तो मनापासून वाचावा असा आहे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण होऊन शौचातून रक्त जातं, त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २३ रुग्णांवर इस्रायलमध्ये अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभर रोज १०० मिलिलीटर रस घेणाऱ्यांचं रक्त जाणं, नुसता रसासारखा दिसणारा द्रव घेणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालं. अभ्यास नेटका होता, पण माणसं थोडी आणि मुदत एकच महिना. हा आजार वर्षानुवर्षं उचल खाणारा असल्यामुळे तेवढ्यावरून गोळ्या सोडायचा निर्णय कुणी घेऊ नये. ज्यांना इच्छा आहे त्यांनी आपल्या पोटविकारतज्ज्ञाला विचारून, चालू औषधांच्या जोडीनं घ्यावा.

थॅलेसिमियाची गोष्ट मला जास्त तपशिलानं सांगायची आहे, कारण या आजाराच्या मुलांचे आईबाप आशेनं काहीही करायला तयार असतात. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी संस्थेत मुलांना रोज १०० मिलिलीटर गव्हांकुराचा रस देऊन पाहिला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १६ मुलांची पुरती नोंद मिळाली आणि त्यांतल्या आठ जणांची रक्ताची गरज २५ टक्क्यांहून अधिक घटली. बातमी देशभर पसरली, घरोघर ट्रे लागले. पण तो प्राथमिक अभ्यास होता, रस न घेणाऱ्या मुलांचा गट बाजूला ठेवून तुलना केलेली नव्हती. नंतरच्या अभ्यासात गव्हांकुर देऊन असा फायदा दिसला नाही. तेव्हा आईबापांनो, तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर रस द्या. पण रक्ताची ठरलेली तारीख पुढे ढकलू नका आणि शरीरात साचणारं लोह बाहेर काढणारी गोळी एक दिवसही चुकवू नका. ते लोह हृदयात आणि यकृतात साठतं. आवाज करत नाही, पण जिवावर बेततं.

स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या ६० स्त्रियांवरचा, २००७ चा आणखी एक इस्रायली अभ्यास आहे. रस घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी कमी घसरल्या असं त्यात दिसलं. रसानं कर्करोग बरा झाला, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण हा अभ्यास सांगताना नेमकी तीच भर घातली जाते.

‘हिरवं रक्त’ हे नाव पडलं ते हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांच्या रचनेतल्या साम्यावरून. दोन्हींच्या मधोमध एक धातूचा अणू असतो, हरितद्रव्यात मॅग्नेशियम आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह. साम्य खरं आहे, पण पोटात गेलेल्या हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या बाईनं नुसत्या गव्हांकुरावर भरवसा ठेवू नये. अंगावर जास्त जातं का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे आधी शोधावं. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सांगितलेले महिने पुरे घ्यावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळावं. अळिवाचे लाडू खावेत. एक किलो गव्हांकुर म्हणजे तेवीस किलो भाज्या, असंही ऐकू येतं. त्यात तथ्य नाही. पोषणाच्या दृष्टीनं गव्हांकुर पालक, मेथी, शेपू यांच्या पंगतीत बसतात. ब-१२ साठीही त्यांच्यावर विसंबू नये. कुठल्याही पालेभाजीतून ते पुरेसं मिळत नाही आणि शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून किंवा गोळीतून घ्यावं लागतं.

काही जणांनी रस घेऊच नये, निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा अॅसिट्रॉम घेणारे, उदाहरणार्थ हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले. हिरव्या पात्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या नेमकं विरुद्ध काम करतं, त्यामुळे रस एक दिवस प्यायचा आणि चार दिवस विसरायचा, असं झालं की तपासणीतला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, वरखाली होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही विचारूनच घ्यावा, कारण त्यांना पोटॅशियम जपावं लागतं. गरोदर स्त्रिया, केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले आणि लहान बाळं यांनी ओल्या मातीत वाढलेल्या पात्यांचा कच्चा रस टाळलेला बरा. गव्हाची अॅलर्जी किंवा सिलिअॅक असणाऱ्यांनीही टाळावा. कोवळ्या पात्यात ग्लुटेन नसतं, पण घरी कापताना बुंध्याचा दाणा रसात येणार नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मधुमेह्यांनी रस प्यायला तरी साखर पूर्वीसारखीच तपासत राहावी आणि गोळी किंवा इन्शुलिन स्वतःच्या मनानं कमी करू नये.

घरी गव्हांकुर लावायचे तर

ज्या घरात नवरात्रात घट बसतात, त्या घराला हे काम नवं नाही. परातीत काळी माती, तिच्यात धान्य, वर घट, आणि दसऱ्याला टोपीत खोवायला वीतभर धन. फरक एवढाच की देवघराच्या अंधारात वाढलेलं धन पिवळं राहतं आणि आपल्याला हिरवं हवं, म्हणून उजेड लागतो.

गहू कुठला घ्यायचा, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही घेऊ नये. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेकदा गुलाबी किंवा लालसर दिसतं, आणि ते पोटात जाण्यासाठी नाही. वर्षाच्या साठवणीला बोरिक पावडर लावलेला गहूही नको. खायचा, स्वच्छ, न फुटलेला दाणा घ्यावा. लोकवन चांगला उगवतो. खपली मिळाली तर तीही चालते, पण तिला वेळ लागतो.

एक फूट लांब-रुंद ट्रेला साधारण शंभर ग्रॅम गहू पुरतो. तो तीन-चार पाण्यांनी धुवून रात्रभर, आठ ते बारा तास भिजत घालावा. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवावा आणि दिवसातून दोनदा धुवावा. दुसऱ्या दिवशी पांढरं टोक दिसलं की पेरायचा. ट्रेच्या तळाला भोकं हवीत. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा कोकोपीट आणि गांडूळखताचा थर पुरतो, ताजं शेण मुळीच घालू नये. मातीच नको असेल तर ओल्या जाड कापडावरही गहू उगवतो आणि पिणाऱ्यासाठी ते जास्त स्वच्छ. दाणे एकमेकांना चिकटून पण एकावर एक नाहीत, असे पसरावेत. दोन दिवस झाकून ठेवावेत, कोंब बोटभर झाले की झाकण काढून खिडकीत ठेवावेत. कडक ऊन नको. पाणी सकाळी शिंपडावं, रात्री नाही, आणि ट्रेखाली साचू देऊ नये.

चौथ्या दिवसाच्या सुमाराला दाण्यांभोवती पांढरं लुसलुशीत काहीतरी दिसतं आणि लोक घाबरतात. बारकाईनं पाहावं. मुळाला लागून, सारख्या लांबीचे, पाणी शिंपडल्यावर चिकटून बसणारे तंतू हे मूळकेस असतात, ते ठीक. पण दाण्यांवरून दाण्यांवर जाणारं जाळं, राखाडी, निळसर किंवा काळे ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. वरची पाती कितीही टवटवीत दिसली तरी तो सगळा ट्रे टाकून द्यावा. धुऊन घेतलं की चालतं, असं इथे नाही. कोकणात पावसाळ्यात आणि विदर्भात मे महिन्यात बुरशीचा त्रास फार होतो. त्या दिवसांत दाणे विरळ पेरावेत, पंख्याची हवा लागू द्यावी किंवा सरळ सुट्टी घ्यावी. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की सुरुवात करणाऱ्याला यश लवकर येतं.

आठ-नऊ दिवसांत पाती वीतभर होतात. तेव्हा मातीपासून बोटभर वर, स्वच्छ कात्रीनं कापावीत. पहिलीच कापणी वापरावी. दुसऱ्यांदा येणारी पाती चरबट असतात आणि खालची मुळं तोवर कुजू लागलेली असतात. रोज हवे असतील तर दर दिवशी एक याप्रमाणे आठ-नऊ छोटे ट्रे फिरते ठेवावेत. एकच मोठा ट्रे ठेवला की सगळी पाती एकाच दिवशी तयार होतात आणि उरलेल्या दिवशी काही नसतं.

कापलेली पाती वाहत्या पाण्यात दोनदा धुवावीत. बारीक तुकडे करून थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढावीत आणि मलमलीतून पिळावीत. लांब पाती तशीच टाकली तर मिक्सरच्या पात्याच्या दांड्याला गुंडाळली जातात आणि मोटर तापते. हातानं फिरवायचं, शेवयांच्या यंत्रासारखं टेबलाला लावायचं रसयंत्र मिळतं, त्यात फेस कमी होतो. मूठभर पात्यांतून दोन-तीन मोठे चमचे रस निघतो. तो लगेच प्यावा. अर्ध्या तासात वास बदलू लागतो, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायला तर घशाखाली उतरत नाही आणि त्यात जंतू वाढायलाही वेळ मिळतो.

पहिले तीन-चार दिवस चहाचे दोन चमचे पुरेत. काहींना मळमळतं, डोकं जड होतं, पोट बिघडतं. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ असं सांगून पिणं चालू ठेवायला लावतात, ते ऐकू नका. मळमळलं तर थांबावं. मानवला तर ३० मिलिलीटरपर्यंत, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या छोट्या पेल्याएवढा, रोज घ्यायला हरकत नाही. अभ्यासांत १०० मिलिलीटर दिला गेला तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे विसरू नये. उपाशीपोटीच घ्यायला हवा असा काही नियम नाही. नाश्त्यानंतर घेतला तर मळमळ कमी होते. थोडं आलं, लिंबू, चिमूटभर मीठ चालेल. मधुमेह्यांनी मध घालू नये.

ट्रेचा खटाटोप जमत नसेल तर बाजारात पूड आणि गोळ्या मिळतात. घेण्याआधी पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि गव्हांकुराशिवाय त्यात काय मिसळलं आहे ते वाचावं. पूड ओल्या चमच्यानं काढू नये, गुठळी झाली की टाकून द्यावी. पाकिटावर किंवा जाहिरातीत मधुमेह, कर्करोग बरा होतो असं छापलं असेल तर ती वस्तू दुकानातच ठेवावी. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार अशा आजारांवरच्या उपचाराची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. बंदी असूनही जो हे छापतो, त्याच्या पाकिटातल्या इतर मजकुरावर विश्वास ठेवायला कारण उरत नाही.

रस किंवा पूड नियमित घेत असाल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ते स्वतःहून सांगा. किती मिलिलीटर, कधीपासून, रोज की अधूनमधून, हे चिठ्ठीवर लिहून न्या, पूड असेल तर पाकीट बरोबर ठेवा. शस्त्रक्रिया किंवा दात काढणं ठरलं असेल तर हे आधीच सांगणं अधिक गरजेचं आहे, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तेव्हा. आणि जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तिच्या कडेनं लाली पसरत गेली, ताप आला किंवा जबडा आखडल्यासारखा वाटला, तर घरात काय काय लावून पाहिलं याची लाज न बाळगता तेही सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठा.